रोजचं ब्रिटिश, रोजचं चिनी

परदेशी जेवणाबद्दलची दोन मतं आपल्या घरांत फार पक्की आहेत. ब्रिटिश जेवण म्हणजे उकडलेलं, अळणी, पोट भरायचं म्हणून खाल्लेलं. चिनी जेवण म्हणजे लालभडक, झणझणीत, कोबी आणि सोया सॉसने भरलेलं, संध्याकाळी गाडीवर उभं राहून खायचं. पहिलं मत बहुतेकांनी ऐकीव गोष्टींवरून बनवलेलं असतं, आणि दुसरं चीनमध्ये कुणी ओळखणारही नाही अशा पदार्थांवरून. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावांत राहून, तिथल्या चिनी शेजाऱ्यांच्या घरी जेवून आणि स्वतःच्या ओट्याशी उभं राहून मला या दोन्ही जेवणांची गोडी लागली. ती मराठी वाचकापर्यंत पोचावी, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

या पुस्तकात मेजवान्या जवळजवळ नाहीत. पाहुणा आला की जगातलं प्रत्येक घर उदार होतं, सणाला प्रत्येक देश तूप-साखर सढळ हाताने घालतो. एखाद्या समाजाच्या जिभेची खरी ओळख मंगळवारच्या संध्याकाळी होते. कामावरून दमून आलेला माणूस, खिशात मोजके पैसे, हाताशी अर्धा तास आणि बाजारात त्या ऋतूत मिळेल ते सामान, एवढ्यातून तो स्वतःसाठी आणि मुलांसाठी काय करतो, आणि ते खाताना त्याचा चेहरा खुलतो का, हे मला पाहायचं होतं. ब्रिटिश आणि चिनी अशी दोन्ही स्वयंपाकघरं या कसोटीला उतरतात. त्यांचं मोठेपण त्यांच्या साध्या दिवसात आहे.

आधी ब्रिटिश बदनामीचं मूळ पाहू. ब्रिटन हा शहरांत जाऊन राहिलेला पहिला मोठा देश. १८५१च्या जनगणनेत तिथली निम्म्याहून जास्त माणसं शहरांत राहत होती. गिरणीत बारा-बारा तास राबणाऱ्या बाईच्या घराला परसबाग नव्हती, गोठा नव्हता, आणि आजीकडून रेसिपी शिकायला आजी जवळ नव्हती. त्यावर दुसऱ्या महायुद्धाचा घाव बसला. ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झालेलं रेशनिंग ४ जुलै १९५४ रोजी संपलं. माणशी आठवड्याला चहा २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. ताजं अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर. दूध सरकारने ठरवलेल्या एकाच प्रकारच्या कडक चीजकडे वळवल्यामुळे शेताशेतांवर बनणारी कितीतरी चीज बंद पडली. १९४२मध्ये आलेला करड्या रंगाचा ‘नॅशनल लोफ’ १९५६पर्यंत लोक खात होते. चौदा वर्षं म्हणजे एका मुलाचं सगळं बालपण. ती पिढी मोठी झाली तेव्हा चांगलं चीज कसं लागतं हे तिला ठाऊकच नव्हतं. अळणीपणा हा त्या लोकांचा स्वभाव नव्हता, त्यांच्या वाट्याला आलेली ती परिस्थिती होती.

त्यातून हा स्वयंपाक वर आला तो काही जिद्दी माणसांमुळे, आणि त्यांत बायका पुढे होत्या. १९५०मध्ये एलिझाबेथ डेव्हिड यांनी रेशनच्या रांगेतल्या वाचकांपुढे भूमध्य समुद्राकाठचं जेवण मांडलं. डोरोथी हार्टली यांनी १९५४मध्ये ‘फूड इन इंग्लंड’मधून खेड्यापाड्यांतल्या चुली, भांडी आणि रीती नोंदवून ठेवल्या. जेन ग्रिगसन यांनी १९७४मध्ये ‘इंग्लिश फूड’ लिहून आपल्या लोकांना आपल्याच पदार्थांकडे आदराने पाहायला शिकवलं. पुढे १९९४मध्ये लंडनला फर्गस हेंडरसन यांनी ‘सेंट जॉन’ सुरू केलं आणि मज्जा, खूर, आतडी हे गरिबाचं म्हणून टाकलेलं सगळं पुन्हा ताटात आलं.

पण रोजचा आनंद पुस्तकांच्या आधीपासून होता, आणि तो ‘चिप्पी’त होता. चिप्पी म्हणजे मासे आणि चिप्स तळून देणारं गल्लीतलं दुकान. पहिलं दुकान पूर्व लंडनमध्ये जोसेफ मालिन यांनी १८६०च्या सुमारास काढलं की लँकेशरमधल्या मॉसली गावात जॉन लीझ यांनी १८६३च्या सुमारास, हा वाद अजून रंगतो. मासा पिठात बुडवून तळायची रीत मात्र स्पेन-पोर्तुगालहून आलेल्या ज्यू कुटुंबांची. यातली खुबी साधी आहे. पिठाचं आवरण गरम चरबीत पडताच घट्ट होतं आणि आतला कॉड किंवा हॅडॉक स्वतःच्याच ओलाव्यावर वाफवला जातो. तळलेल्या कवचात वाफवलेला मासा, हे कळलं की हा पदार्थ बेचव वाटणं शक्य नाही. त्यावर मीठ, मग माल्टचा व्हिनेगर, बाजूला सुके वाटाणे भिजवून शिजवलेली मऊ ‘मशी पीज’. उत्तरेकडे चिप्सवर ग्रेव्ही किंवा करी सॉस ओततात. युद्धकाळात सरकारने कितीतरी खाद्यपदार्थांवर रेशन लावलं, पण फिश अँड चिप्सला हात लावला नाही, यावरून ते लोकांना किती जवळचं होतं हे कळतं. यॉर्कशरमध्ये अजूनही बरीच दुकानं गोमांसाच्या चरबीत तळतात, त्यामुळे ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी आधी विचारावं. विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

मग रविवारचा रोस्ट. यात मला मोह पडतो तो नेमकेपणाचा. गोमांसाबरोबर हॉर्सरॅडिश, मेंढीच्या मांसाबरोबर पुदिन्याचं व्हिनेगरी सॉस, डुकराच्या मांसाबरोबर आंबट सफरचंद. या जोड्या घराघरांत ठरलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीमागे चवीचा विचार असतो. बटाटे आधी अर्धवट उकडतात, पातेल्यात हलवून त्यांच्या कडा फुटू देतात आणि मग कडकडीत चरबीत भाजतात. फुटलेल्या त्या कडाच कुरकुरीत होतात. यॉर्कशर पुडिंग म्हणजे अंडं, दूध आणि मैदा यांचं पातळ पीठ धुरावलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवलेलं. पूर्वी ते ग्रेव्हीबरोबर सगळ्यांत आधी वाढत. त्याने पोट थोडं भरलं की थोडं मांस सगळ्यांना पुरे. काटकसरीतून आलेला पदार्थ आज लोक मांसाआधी उचलतात.

गोडाबद्दल थोडंच सांगतो. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं, म्हणून १८३७मध्ये त्यांनी मक्याच्या पिठाची, बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. आपल्या शाकाहारी घरांत उन्हाळ्यात होणारं फ्रूट कस्टर्ड एका नवऱ्याच्या त्या काळजीतून आलं आहे. पुण्यातल्या लष्कर भागातल्या कयानी बेकरीसमोर ज्या बिस्किटासाठी रांग लागते, त्याचं नाव श्रॉपशरमधल्या श्रूजबरी गावावरून आलं. तेव्हा ब्रिटिश जेवण आपल्याला आवडत नाही, असं म्हणताना जरा थांबायला हवं.

चीनकडे वळलं की आधी एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागते: ‘चिनी जेवण’ असं एकच काही नाही. छिनलिंगच्या डोंगररांगा आणि ह्वाइ नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला गव्हाचं राज्य, दक्षिणेला भाताचं. तियानजिनमध्ये सकाळी मुगाच्या पिठाचं धिरडं तव्यावर पसरून, त्यावर अंडं फोडून, आत तळलेली कुरकुरीत काडी गुंडाळून देतात. वूहानचा माणूस तिळाच्या घट्ट वाटणात घोळलेले गरम नूडल्स चालता चालता खातो. ग्वांगजौमध्ये तांदळाची पेज इतकी शिजवतात की दाणा विरघळून जातो. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी सोयाबीनच्या ताज्या दुधात लांब तळलेला पाव बुडवून दिवस सुरू होतो. नाश्त्यातच इतकं वैविध्य असेल, तर दुपार आणि रात्र किती मोठी असेल याचा अंदाज करावा.

घरच्या चिनी जेवणाची मांडणी मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. प्रत्येकाचा भाताचा वाडगा वेगळा, पण भाज्या, मासे, अंडी मधोमध आणि सगळ्यांची. एक पदार्थ तळलेला असेल तर दुसरा वाफवलेला, एक तिखट तर एक साधा, एक मऊ तर एक करकरीत, आणि शेवटी किंवा सोबत पातळ सूप. सगळ्या देशात घरोघरी होणारा पदार्थ म्हणजे टोमॅटो आणि अंडं. अंडी आधी गरम तेलात फुलवून बाजूला काढायची, मग टोमॅटो रस सुटेपर्यंत परतायचा, चिमूटभर साखर आणि मीठ घालायचं, अंडी पुन्हा त्यात सोडायची. दहा मिनिटांत भातावर घ्यायला तयार. वाफवलेल्या माशावर आल्याच्या आणि पातीच्या कांद्याच्या काड्या ठेवतात, सोया सॉस घालतात आणि वरून कडकडीत तेल ओततात. तो चर्र आवाज मराठी कानाला आपल्या फोडणीसारखाच ओळखीचा वाटतो.

चिनी जीभ स्पर्शालाही चवीइतकाच मान देते. काळ्या रंगाची कानासारखी दिसणारी बुरशी, कोंबडीचे पाय, जेलीफिश, यांना स्वतःची चव जेमतेम असते. ते खायचे दाताखालच्या करकरीसाठी, चिवटपणासाठी, बुळबुळीतपणासाठी. नवख्याला इथे अडखळायला होतं. घाई न करता, चव शोधणं सोडून दाताकडे लक्ष दिलं, की हा सबंध प्रांत हळूहळू उघडतो.

सिचुआनचं जेवण तर आपल्या कोकणाचं दूरचं नातलग आहे, आणि हे नातं वनस्पतीशास्त्राचं आहे. तिथे ज्या मिऱ्याने ओठ झिणझिणतात ते आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं, झॅन्थोझायलम या एकाच प्रजातिगटातलं. दोन्हीकडे काळं बी टाकून देतात आणि वरचं टरफल वापरतात. मालवणी माणूस ते बांगड्याच्या तिखल्यात घालतो, सिचुआनमधल्या छंग्दूचा माणूस मापो तोफूवर भुरभुरतो. ही झिणझिण नुसती चव नाही, ती स्पर्शाच्या मज्जातंतूंना जागं करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये तिची गती मोजली, ती सेकंदाला सुमारे ५० कंपनं भरली. मिरचीची कथाही दोन्हीकडे सारखीच. अमेरिका खंडातून निघालेली ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली आणि त्याच शतकाच्या अखेरीस चीनमध्ये नोंदली गेली. आज दोन्ही ठिकाणी तिच्याशिवाय चूल पेटत नाही.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. ब्रिटिश आणि चिनी खाणं मी एकत्र का आणलं? कारण गेली साडेतीनशे वर्षं ही दोन्ही स्वयंपाकघरं एकमेकांत गुंतत आली आहेत, आणि त्या गुंत्यात मुंबईही आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचं लग्न १६६२मध्ये झालं. १६६१च्या विवाह-तहात मुंबई बेट इंग्लंडला मिळालं होतं. त्याच राणीने चिनी चहाची आवड इंग्रज दरबारात रुजवली. चहा लंडनमध्ये त्याआधीच आला होता, पण मानाचं पेय तो तिच्यामुळे झाला. पुढे सगळा देश चहा पिऊ लागला आणि त्याची किंमत चांदीत मोजावी लागू लागली. ती चांदी वाचवायला चीनमध्ये अफू ओतली गेली, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होती. शहरातल्या कितीतरी मोठ्या घराण्यांची संपत्ती या व्यापारात वाढली. १८३९ ते १८४२च्या युद्धात चीन हरला आणि हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती गेलं. चहाच्या पेल्याचा आनंद लिहिताना हा हिशेब मी वगळला असता, तर ते लेखन खोटं ठरलं असतं.

त्या हाँगकाँगमध्ये सामान्य माणसाने मात्र दोन्हीकडचं घेऊन स्वतःचं काही उभं केलं. ब्रिटिश पद्धतीची हॉटेलं परवडत नाहीत अशांसाठी ‘चा चान थेंग’ नावाची स्वस्त खानावळ आली. तिथला दुधाचा चहा कापडाच्या लांब गाळणीतून पुन्हा पुन्हा गाळतात आणि त्यात आटवलेलं डबाबंद दूध घालतात. २०१७मध्ये हाँगकाँगने या चहाच्या कृतीला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. सकाळी हॅम घातलेलं मॅकरोनीचं सूप, लोण्याचा जाड तुकडा घातलेला गोड पाव, अंड्याच्या पिवळ्याधमक टार्ट. डिमसममधल्या वाफवलेल्या गोमांसाच्या गोळ्यांबरोबर आजही तिथे वूस्टरशर सॉसची वाटी येते.

आणि हाँगकाँग ब्रिटनमध्येही आलं. हाँगकाँगच्याच न्यू टेरिटरीजमधल्या शेतकऱ्यांचा तांदूळ थायलंडहून येणाऱ्या स्वस्त तांदळापुढे टिकेना, तेव्हा १९५० आणि ६०च्या दशकांत तिथल्या गावांतून माणसं इंग्लंडला निघाली. जेम्स वॉटसन या मानववंशशास्त्रज्ञाने मान घराण्याच्या अशा एका गावावर १९७५मध्ये सबंध पुस्तक लिहिलं. या कुटुंबांनी अनेक ठिकाणी चालू चिप्पी विकत घेतल्या आणि त्याच खिडकीतून चिप्सबरोबर गोड-आंबट चिकनही विकायला सुरुवात केली. हळूहळू लहान गावांतही चिनी टेकअवे दिसू लागलं. काउंटरच्या मागे मुलं गृहपाठ करत, आईवडील रात्री उशिरापर्यंत कढईशी. टिमोथी मो यांची १९८२ची ‘सावर स्वीट’ ही कादंबरी अशाच एका कुटुंबाची आहे. लिव्हरपूलच्या टेकअवेतला ‘सॉल्ट अँड पेपर चिप्स’ हा पदार्थ मला या सगळ्या इतिहासाचं फळ वाटतो: इंग्रजी चिप्स चिनी कढईत मीठ, मसाला, मिरची आणि कांद्याबरोबर परतलेले. २०२१पासून नव्या व्हिसावर हाँगकाँगची आणखी कुटुंबं आली, आणि मँचेस्टरच्या उपनगरांत आणि लंडनमधल्या सटनमध्ये त्यांची वस्ती वाढली. ही गोष्ट अजून पुढे चालली आहे.

असे पदार्थ खोटे आहेत, असं म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. १९७५मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलं, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर त्यांचं. मंचुरियात ते मिळत नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. परक्या मुलखात पोट भरायचं आणि शेजाऱ्याला जिंकायचं या गरजेतून जे शिजतं, त्याला मी पूर्ण मान देतो. फक्त मंचुरियन हे चीनचं सगळं जेवण नाही, हे ध्यानात असू द्यावं. एका पदार्थावर प्रेम करताना दुसऱ्या हजारांचं दार बंद होऊ नये.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात ब्रिटिश दिवस: नाश्ता, चिप्पी, चहाची वेळ, रोस्ट, चीज आणि गोड. दुसऱ्यात चीनचे प्रांत, त्यांचे नाश्ते आणि घरचं ताट. तिसऱ्यात दोन्हींच्या भेटी: हाँगकाँग, लिव्हरपूल, लंडन, आणि थोडी मुंबई. चौथा भाग स्वयंपाकघराचा. त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत आणि आच आपल्या गॅसच्या शेगडीला झेपेल एवढीच धरली आहे. कढई पूर्ण तापू द्यावी आणि एका वेळी थोडंच परतावं. गर्दी केली की भाजी परतली जात नाही, शिजते. सिचुआन मिरी मिळाली नाही तर तिरफळ वापरता येतं, पण वास निराळा येईल हे धरून चालावं. शाकाहारी वाचकांसाठी वेगळ्या खुणा केल्या आहेत. तोफू, वांगी, काकडी, पालेभाज्या आणि बुरशी यांत चिनी घरगुती स्वयंपाक इतका श्रीमंत आहे की त्यांना काही कमी पडणार नाही. मात्र बाहेर खाताना चरबी, माशाचा अर्क आणि ऑयस्टर सॉस यांची चौकशी करावी.

ज्या शेजाऱ्यांनी मला त्यांच्या ओट्याशी उभं राहू दिलं, हातात सुरी देऊन आल्याच्या काड्या पुन्हा बारीक कापायला लावल्या, आणि ज्या चिप्पीवाल्या काकांनी तेलाचा ताव आवाजावरून कसा ओळखायचा हे दाखवलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. त्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार इथे दिलेली नाहीत.

२०२०च्या सुरुवातीला कोविडच्या साथीच्या नुसत्या बातम्यांनी लंडनच्या चायनाटाउनमधलं गिऱ्हाईक एकाएकी कमी झालं. टाळेबंदी अजून लागायची होती. दुसऱ्याच्या ताटाची किळस किती सहज भडकते, आणि त्यात कष्टाने उभं राहिलेलं दुकान किती लवकर रिकामं होतं, हे तेव्हा दिसलं. खाण्यावर लिहिणं हे मला तेव्हापासून जास्त जबाबदारीचं काम वाटतं. कुणाचं रोजचं जेवण समजून घेतलेल्या माणसाला त्या लोकांबद्दल वाटेल ते बोलवत नाही. वाचकाने या पुस्तकातले पदार्थ नुसते वाचू नयेत. या आठवड्यात टोमॅटो-अंडं करावं, पुढच्या रविवारी बटाटे कडा फोडून भाजावेत, आणि मग मत बनवावं. ते माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल. स्वतःच्या जिभेने बनवलेलं असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.